फाट्यावरची सहा मिनिटं

मिलिंद, परवा लातूरला तुझी शोकसभा झाली आणि मी हॉलच्या मागं जाऊन भडाभडा ओकलो. सकाळी चहा आणि चार घास मुरमुऱ्याचं सुशीला खाल्लं होतं, तेवढं सगळं पडलं. नऊ वर्षं मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली, तू मागं पेशंट सांभाळलास, आणि प्रत्येक फेरीनंतर आपण दोघांनी लोकांचं रक्त, लघवी, उलट्या पाइप लावून धुतल्या. तेव्हा कधी ओकलो नाही. परवा ओकलो. माईकवर आपले सुपरवायझर साहेब बोलत होते. "मिलिंद म्हणजे आमच्या परिवाराचा कणा," असं म्हणाले. तीन वर्षांपूर्वी याच माणसानं तुझ्या हातात मेमो ठेवून तुला चाकूरहून बिलोलीला फेकलं होतं. आता खिशातून घडीचा रुमाल काढून कोरडे डोळे पुसत होता.

मागं फ्लेक्स लावला होता. तुझा ओळखपत्रावरचा फोटो ताणून एवढा मोठा केलेला, की पोलीस शोधत असलेला माणूस वाटावा. तुला हसू आलं असतं. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मात्र झकास होते, गॉगलसकट. आपल्या ग्रुपवर तर तू गेल्याची बातमी पडल्या पडल्या जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्या रांगेतच एकानं विचारलं की बिलोलीची जागा आता रिकामी का. मी फोन पालथा घातला.

पण खोटं कशाला बोलू, ओकारी त्या लोकांमुळं आली नाही. मलाही बोलायला उभं केलं होतं. मी माईक धरून म्हणालो की तू शांत होतास, कामसू होतास, कधी सुट्टी घेतली नाहीस. सगळं खरं आणि सगळं फालतू. सांगायची होती ती एकच गोष्ट, ती गिळली. खाली उतरलो तर समोर तुझी सुजाता. नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डोळे अगदी तुझे. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, चाकूरच्या त्या केसमध्ये बाबांचं खरंच चुकलं होतं का? मी कितीदा विचारलं, ते नुसतं हसायचे. मला खरं सांगा."

मी म्हणालो, "बेटा, तेव्हाची परिस्थितीच तशी होती."

आणि मग मागं जाऊन ओकलो. तुझ्या पोरीला तू चुकीचा वाटावास, आणि ते मी वाटू द्यावं! माझीच मला शिसारी आली. म्हणून हे लिहायला बसलो आहे. तू वाचणार नाहीस हे मलाही कळतं. पण नऊ वर्षं मी तुझ्याशी आरशात बघून बोललो, तूही मान न वळवता उत्तरं दिलीस. आपल्याला समोरासमोर बोलायची सवय तशीही नव्हती.

आपलं जमलं कधी ते आठवत नाही, भांडण मात्र पहिल्या दिवसापासूनचं. मी ड्रायव्हर. माझ्या लेखी काम सोपं होतं. पेशंट उचला, सायरन लावा, हाणा. तू टेक्निशियन. तुझ्या लेखी गाडी हलायच्या आधीच निम्मं काम व्हायला पाहिजे. मी बाहेर हॉर्न वाजवत राहायचो आणि तू आत घरातल्या पलंगाशी गुडघे टेकून बसलेला. "बालाजी, आपन टेम्पो न्हाई चालवायलो," हे तुझं ठरलेलं वाक्य.

पहिल्याच महिन्यात एका वस्तीवर फिट आलेल्या जावयाच्या नाकाशी सासऱ्यानं चप्पल धरली होती. तू भाषण दिलं नाहीस. त्याच्या हातातली चप्पल घेतलीस, खाली बसून त्याच्याच पायात घातलीस, आणि जावयाला कुशीवर वळवलंस. सासरा पायाकडं बघत राहिला. अन् ती दुसरी, साखर उतरून निपचित पडलेली म्हातारी? घरात रडारड सुरू, एकानं तर गावभर फोनही लावले होते. मी दारातून ओरडत होतो, "मिल्या, उचल की, जाईल ती!" तू शांतपणे सुई लावून ग्लुकोज सोडत होतास. थोड्या वेळात म्हातारी उठून बसली, भोवतीची गर्दी बघितली आणि म्हणाली, "कोन मेलं गं?" त्या दिवशी परतताना आष्टामोडला आपण चहा घेतला आणि मी कबूल केलं नाही की तू बरोबर होतास. आज करतो.

तुझे तीन प्रश्न असायचे. श्वास चालू हाय का. रगत थांबलंय का. आन् ह्याला जे लागतंय ते कुठं हाय. पहिल्या दोन प्रश्नांवर भांडण नव्हतं. तिसऱ्यावर रोज. लोक म्हणायचे जवळच्या दवाखान्यात घाला, मीही त्यांच्याच बाजूचा. तू म्हणायचास, "जवळच्या दवाखान्यात डोक्याचं मशीन न्हाई, डोक्याचा डॉक्टर न्हाई. ते चिठ्ठी लिहून पुढंच पाठवनार. मग तिथं थांबून काय सत्यनारायन घालायचाय?" असं म्हणून तू ठरवायचास आणि फॉर्मवर वेळ टाकायचास. प्रत्येक फेरीचा एक फॉर्म. कधी निघालो, कधी पोचलो, काय दिलं, का दिलं. शेवटी शेऱ्याचा रकाना. इतर लोक तिथं रेघ मारून मोकळे व्हायचे. तू बारीक अक्षरात भरून काढायचास. टायर पंक्चर झालं तर तेही. मी एकदा रस्ता चुकलो होतो, तर 'चालक रस्ता चुकला, चार मिनिटे' असं लिहिलंस. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तू तिसऱ्या दिवशी डब्यातला ठेचा माझ्याकडं सरकवलास, पण शेरा काही खोडला नाहीस.

आणि तुझा तो एक नियम, ज्यावर तू कुणाचंच ऐकलं नाहीस. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. पाणी तर नाहीच. आपल्याकडं माणूस पडला की पहिला धावतो तो पाण्याचा तांब्या. तू तो दारातच अडवायचास. "माय, त्याला गिळायची शुद्ध न्हाई. पोटात जानार न्हाई ते, छातीत जाईल." बाया तुला शिव्या द्यायच्या. एकदा एकीनं तांब्या तुझ्याच डोक्यावर उपडा केला. ओल्या शर्टानं तू लातूरपर्यंत आलास आणि वाटेत नुसतं म्हणालास की चला, माझी आंघोळ झाली.

लोकांचा मला वीट आला तो या गाडीतच. गाडी बोलवायच्या आधी पुढाऱ्याला फोन करणारे. स्ट्रेचरला हात न लावता मोबाइलनं शूटिंग घेणारे. पेशंटनं डोळे उघडले तर "डाक्टर साहेब, देवानं वाचवलं," आणि बिघडला तर "ए गाडीवाल्या." तुझा हात पेशंटच्या नाडीवर असताना तुझं आडनाव विचारणारे. तू आडनाव सांगायचास, नाडी मोजत मोजतच. मी आरशातून बघायचो आणि मनात म्हणायचो, कसली घाण माणसं आहेत ही. मी त्यांच्यातला नाही, असा माझा समज होता.

आता तो दिवस. त्या गावाचं नाव लिहीत नाही, का ते तुला माहीत आहे. सोयाबीनच्या राशी चालू होत्या. ऊन तापलेलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून चाललेला एक जण बांधावर हादरा बसून डोक्यावर पडला होता. चाळिशीचा, धट्टाकट्टा. शुद्ध नाही, घोरल्यासारखा श्वास. तू मानेला पट्टा बांधलास, जीभ मागं पडू नये म्हणून तोंडात नळी बसवलीस, ऑक्सिजन लावला. त्याचा भाऊ म्हणाला, "इथंच चाकूरला न्या, धा मिन्टावर हाय." तू म्हणालास, "दादा, डोक्याला मार हाय. ह्याला लातूरच लागतंय." भाऊ तुझ्याकडं न बघता माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "साहेब म्हनतेत ते बरोबर हाय." एवढं एक मी त्या दिवशी बरोबर बोललो.

भाऊ माझ्या शेजारी पुढं बसला. वाटेत त्यानं घरी फोन लावला. हायवेला त्यांच्या गावचा फाटा लागतो. तिथं पोचायच्या आधीच मला लांबून दिसली ती. त्याची आई. अनवाणी, रस्त्याच्या कडेला, दोन्ही हातांत तांब्या धरून उभी. भाऊ म्हणाला, "दोन मिन्ट थांबवा हो. माय हाय. तिच्या हातचं पानी तरी मिळू द्या त्याला."

तुला माझ्या बापाचं माहीत होतं. तो सोलापूरच्या दवाखान्यात वारला. आजी गावात राहिली. ती पुढं चौदा वर्षं जगली आणि रोज जेवताना एकच बोलायची, माझं लेकरू तान्हेलं गेलं, घोटभर पानी न्हाई मिळालं. भाकरीचा पहिला तुकडा मोडायची आणि हे बोलायची. मी त्या घरात वाढलो. फाट्यावर ती बाई बघितली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. खाली उतरून मागचं दारही मीच उघडलं. हात देऊन तिला वर मीच चढवलं.

तू नेमका तेव्हा मास्क बाजूला करून घशातलं रक्त ओढून काढत होतास. "कशाला थांबलास रे?" एवढं म्हणून मान वर केलीस, तेवढ्यात तिनं तांब्या तिरपा केला. तू "माय, नको!" म्हणून ओरडलास. तुझा तेवढा मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तिला वाटलं, तुझा हात त्याला लागलाय म्हणून तू विटाळाचं काही बोलतोस. ती म्हणाली, "राहू दे बाबा, माय हाय मी त्याची." आणि उरलेलं पाणीही घातलं.

पुढचा आवाज माझ्या कानातून जात नाही. गुळण्या केल्यासारखा. त्याला उलटी झाली, तोंड निळं पडायला लागलं. "गाडी हलवू नको, हलवू नको!" तू एका हातानं त्याला कुशीवर घेत होतास, दुसऱ्या हातानं घसा मोकळा करत होतास. सहा मिनिटं. मी दाराशी तांब्या धरून उभा होतो. त्याला उलटी व्हायच्या आधीच तिनं तो माझ्या हातात दिला होता, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती पदरानं डोळे पुसत खाली उतरली होती.

लातूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू श्वास द्यायचा फुगा दाबून दाबून घामानं भिजला होतास. डॉक्टरांनी थोडा वेळ बघितलं आणि हात बाजूला घेतले. डोक्याचा मार मोठाच होता, असं ते म्हणाले. मग तुला विचारलं, "पण यांच्या छातीत पाणी कसं?" तू माझ्याकडं बघितलंस. मी जमिनीकडं. तू म्हणालास, "वाटेत उलटी झाली, सर." खोटं नव्हतं. पण तुझ्या तोंडून निघालेली ती पहिली अर्धी गोष्ट होती.

बाहेर आल्या आल्या भावानं तुझ्या कानाखाली वाजवली. "जवळचा दवाखाना सोडून लांब नेलं, मारलं माझ्या भावाला! असल्यांना नोकऱ्या देतात!" दहा-बारा जण गोळा झाले. दोन मोबाइल वर आले. मग तो माझ्याकडं वळला. मी म्हटलं आता माझी पाळी. त्यानं माझं आडनाव विचारलं. सांगितलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचं काय न्हाई. तुमी आपलेच हायत."

तो हात मी झटकला नाही, मिलिंद. अजून तो खांदा घासून घासून धुवावा वाटतो.

गाडी धुताना तू फॉर्म भरत होतास. मी पाइप धरून बघत होतो. सगळं लिहिलंस, नळी, ऑक्सिजन, नाडी, वेळा. शेऱ्याच्या रकान्याशी थांबलास. पेन किती तरी वेळ कागदावर टेकलेलं. मग रकाना तसाच मोकळा सोडून फॉर्म मिटलास. मी देवाचे आभार मानले. तुझे मानले नाहीत.

चौकशी लागली. गाडीच्या जीपीएस यंत्रात फाट्यावरची सहा मिनिटं दिसत होती. साहेबांनी विचारलं, थांबलात का? तू म्हणालास, "घसा साफ करायला मी थांबवली." मग माझा जबाब. मी लिहिलं, 'गाडी मी सुरळीत चालवली. कोणत्या दवाखान्यात न्यायचे हा निर्णय टेक्निशियनचा होता.' दोन्ही वाक्यं खरी. इतकी खरी की आजही कुठल्या कोर्टात खोटी ठरणार नाहीत. आणि इतकी घाण की तसलं आपण गाडीतून कधी धुतलं नसेल. तुला मेमो आला, मग बिलोली. चाकूरमध्ये चहाच्या टपरीवरसुद्धा लोक म्हणायला लागले की त्या टेक्निशियननं पेशंट मारला. मी चहा पीत ऐकायचो.

भावानं पाण्याचं कुठंच सांगितलं नाही. लपवलं असं नाही. त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. पुढं एकदा त्या फाट्यावरून जाताना म्हातारीनं गाडी ओळखली आणि हात केला. पदराला बांधलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. "तुझे लई उपकार हायत बाबा. माझं लेकरू तान्हेलं न्हाई गेलं." अगदी आजीचेच शब्द, फक्त उलटे. त्या शेंगा मी पुढं जाऊन रस्त्यावर फेकल्या.

तू बिलोलीला गेल्यावर आपण एकदाच नीट भेटलो. तू लातूरला घरी आला होतास, मी मुद्दाम आलो. मला माफी मागायची होती, पण मी सुरुवातच भांडणानं केली. म्हटलं, "मला वाचवायला कुनी सांगितलं होतं तुला? मोठा आलास हरिश्चंद्र."

तू चहा बशीत ओतत होतास. म्हणालास, "तुझ्यासाठी कुनी केलंय बे? तुझ्यावर तर मी लई खार खाऊन हाय. त्या म्हातारीसाठी केलं. मी लिहिलं असतं तर चौकशीत तिला बोलावलं असतं. कुनीतरी शहान्यानं तिला समजावून सांगितलं असतं, की आजी, तुझ्या पान्यानं गेला तुझा पोरगा. मग ती कशी जगली असती?"

मी म्हणालो, "मग तुझं काय?"

"माझं काय. मला पोहता येतंय."

मी चिडलो. म्हटलं, हा तुझा निर्णय चुकीचा आहे, तिथं तीन प्रश्न विचारायचे तर विचारले नाहीस. तू म्हणालास, "विचारले की. पेशंट बदलला होता फक्त." मग वहिनींनी जेवायला वाढलं आणि विषय राहिला. तो राहिलाच. मी तेव्हाही म्हणालो नाही, की मग निदान एवढं लिहून देतो, गाडी मी थांबवली. पाण्याचं नाव न काढताही ते लिहिता आलं असतं. त्यात म्हातारीचं काहीच गेलं नसतं. गेलं असतं ते माझं.

आता तुझं शेवटचं. बिलोलीचा तुझा ड्रायव्हर इरफान, त्यानं मला सगळं सांगितलं. अडलेल्या बाईला घेऊन तुम्ही नांदेडला निघालात. नरसीच्या पुढं तू छाती चोळायला लागलास. त्यानं विचारलं, तर म्हणालास पित्त आहे. पित्त! दुसऱ्या कुणी छाती धरून पित्त म्हटलं असतं तर तू त्याला झापला असतास. बाईला आत पोचवलंस, सिस्टरला सगळं सांगितलंस, बाकावर बसून फॉर्म भरलास आणि मग इरफानला म्हणालास, "आता मला आत ने." आत नेईपर्यंत तू पडलास. लोक जमले, एक जण बाटली उघडून तुझ्या तोंडाशी आला. इरफाननं ती हिसकावून फेकली. तो मला रडत सांगत होता, "सरनेच सिखाया था." डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले म्हणे. मला तुझा राग येतो, मिलिंद. दवाखान्याच्या दारात उभा राहून, सगळं कळत असताना, तू स्वतःला रांगेत शेवटी उभं केलंस.

इरफाननं मला त्या फॉर्मचा फोटो दाखवला. तुझं बारीक अक्षर, थोडं हललेलं. बाईची सगळी माहिती. खाली शेऱ्याच्या रकान्यात, 'प्रवासात टेक्निशियनच्या छातीत दुखणे सुरू. नायगावच्या अलीकडे. पेशंटच्या उपचारात खंड नाही.' स्वतःचं मरणसुद्धा तू ठिकाणासकट शेऱ्यात टाकलंस. पंक्चर लिहिलंस, माझा चुकलेला रस्ता लिहिलास, छातीतली कळ लिहिलीस. उभ्या नोकरीत एकच रकाना मोकळा सोडलास आणि त्याच्या आड मी तीन वर्षं बसून खाल्लं.

काल तुझ्या घरी जलदानाचा विधी होता. भंतेजी गाथा म्हणत होते आणि आम्ही एकेक जण जाऊन तांब्यातलं पाणी वाटीत सोडत होतो. माझी पाळी आली. तांब्या हातात घेतला आणि तो फाट्यावरचा तांब्या आठवला. धार वाटीबाहेर गेली, निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. सुजातानं माझा हात धरला. विधी संपल्यावर मी तिला गच्चीवर बोलावलं आणि सांगितलं. ब्रेक मी लावला, दार मी उघडलं, म्हातारीला हात मी दिला, पाणी तिनं घातलं. बेटा, तुझ्या बापानं मला थांबायला सांगितलं नव्हतं. लातूरला नेलं ते बरोबर होतं. जबाब मी दिला तो भेकडाचा होता, आता ऑफिसात खरं लिहून देतो. एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा परिस्थितीवर गेलो असतो.

ती रडली नाही. मला वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं. ती कठड्याकडं वळली. मग विचारलं, "ती आजी हाय का अजून?"

"हाय. दिसती कधी कधी फाट्यावर."

"मग पान्याचं कुठं लिहू नका, काका," ती म्हणाली. "बाकी सगळं लिवा. तुमचं सगळं लिवा. पन तिला कळू देऊ नका."

बशीतल्या चहापाशी तू काय म्हणालास, ते मी तिला सांगितलं नव्हतं. मिलिंद, देवाशपथ, नव्हतं सांगितलं.

आज सकाळी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. साहेबांनी वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "बालाजीराव, गेलेल्या माणसाची फाइल कशाला उकरता? त्यांचा सन्मान केला की आपण परवा. तुमच्या नोकरीवर येईल." रुमाल टेबलावरच होता, घडी न मोडलेला. मी आवकच्या खिडकीवर गेलो, कारकुनाकडून शिक्का मारून घेतला आणि एक प्रत सुजाताला नेऊन दिली. त्यात एवढंच आहे, की फाट्यावर गाडी चालकानं, म्हणजे मी, स्वतःच्या मनानं थांबवली. टेक्निशियननं थांबवायला सांगितलं नव्हतं. पेशंटला लातूरला नेण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता.

अर्जात कारणाचा रकाना आहे. का थांबवली, ते तिथं लिहायचं असतं. तो मी मोकळा ठेवला आहे. चौकशीत विचारतीलच. मी सांगीन, माझी चूक झाली, याच्या पुढं मला काही माहीत नाही. रकान्याखाली या वेळी माझी सही आहे.